टचस्क्रीनवर बोट टेकवलं की फोटोच निघतो!

वजाबाकी (रविवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार.

३१ वर्षं फळ्यावर गणितं सोडवली. मे महिन्यात निवृत्त झालो आणि लेकीने हातात कॅमेरा ठेवला. मिररलेस (आत आरसा नसलेला) आहे, स्क्रीन बाजूला उघडून फिरवता येतो, सोबत किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. इथले जुने धागे वाचलेत. तिसऱ्या प्रतिसादापासून 'ही कंपनी की ती' सुरू होतं आणि मूळ प्रश्न बिचारा उंबऱ्याबाहेर चपला सांभाळत बसतो.

गेल्या मंगळवारी पुतणीची मंगळागौर झाली. नवा कॅमेरा माझ्याकडे, म्हणून फोटोंची जबाबदारीही माझ्याकडे. रात्री घरी येऊन पाहतो तर ४१२ फोटो. निम्म्याहून जास्त जमिनीचे, पंख्याचे, आणि एक अख्खी मालिका विहीणबाईंच्या कोपराची.

झालं असं की मला फक्त फोकस कुठे हवा ते सांगायचं असतं. मोबाइलवर सांगतो तसं बोट टेकवलं, की हा गडी सरळ फोटोच काढून मोकळा. फुगडीच्या वेळी तर बोट टेकवल्यानंतर क्लिक व्हायला इतका वेळ लागला की मुली चौकटीबाहेर आणि मागचा फ्रिज मात्र काचेसारखा स्वच्छ.

वैतागून स्क्रीन सोडला आणि डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे मागच्या छोट्या झरोक्याला, लावला. तिथे निराळंच भूत. फोकसचा चौकोन आपोआप पळतो! मधे आणून ठेवला की पुन्हा उजवीकडे खाली. कॅमेऱ्यात दोष असेल तर वॉरंटी आहे म्हणा.

तिसरी गोष्ट. गौरीच्या मागे दोन समया. मोबाइलवर मुखवट्यावर बोट लावलं की मुखवटा उजळतो. इथे फोकस लागला, चौकोन हिरवा झाला, पण मुखवटा काळा तो काळाच.

गणपती तोंडावर आलेत. त्याआधी कोणी शिकवणी घेईल का?

टिवल्याबावल्या (९:५२)

विहीणबाईंच्या कोपराचा फोकस नीट आहे ना? मग अल्बम करून द्या, नातं घट्ट होईल.

ओहमचा_नियम (१०:१५)

वजाबाकी सर, वॉरंटीचं कार्ड आत ठेवा. आधी एक सांगा: व्ह्यूफाइंडरला डोळा कोणता लावता?

वजाबाकी (१०:२१)

डावा. उजव्यात मोतीबिंदू आहे, दिवाळीनंतर काढायचाय. त्याचा काय संबंध?

ओहमचा_नियम (१०:५८)

सगळा संबंध तिथेच आहे. तुमचं भूत म्हणजे तुमचं नाक.

डावा डोळा मधल्या व्ह्यूफाइंडरला लावला की नाक पडतं डोळ्याच्या उजवीकडे, म्हणजे थेट स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यावर. उजव्या डोळ्याने बघणाऱ्यांचं नाक डाव्या कडेला जातं, त्यांना हा त्रास कमी. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत डोळा व्ह्यूफाइंडरला असतानाही स्क्रीन जागा असतो, लॅपटॉपच्या टचपॅडसारखा. अंगठा फिरवून फोकस पॉइंट हलवावा अशी योजना. स्क्रीनला मात्र कातडी अंगठ्याची की नाकाची हे कळत नाही. कपॅसिटिव्ह स्क्रीनमध्ये काचेखाली विद्युतभाराची बारीक जाळी असते, शरीराचा कुठलाही भाग जवळ आला की त्या जागचा भार बदलतो आणि कॅमेरा त्याला बोट समजतो. म्हणूनच लोकरीच्या हातमोज्यातलं बोट त्याला दिसत नाही, पण पावसाचा मोठा थेंब दिसतो.

कॅननमध्ये याला टच अँड ड्रॅग म्हणतात, सोनीत टच पॅड. आणखी कुठे वेगळं नाव असेल, पण मेनूत ते सापडेल. एकतर बंद करा, नाहीतर स्क्रीनचा किती भाग जागा ठेवायचा ते ठरवा. उजव्या डोळ्याचे लोक उजवा अर्धा भाग ठेवतात. तुम्ही डावरे-डोळे, तेव्हा सरळ बंद. तुमचा स्क्रीन उघडतो, तर सोपा उपायही आहे: व्ह्यूफाइंडर वापरताना तो उलटा मिटून ठेवा. काच आत गेली की नाक काय करणार?

आता बोट लावताच फोटो निघण्याबद्दल. टचचे दोन वेगळे धंदे आहेत. टच फोकस म्हणजे बोटाने फक्त जागा दाखवायची, क्लिक बटणाने करायचं. टच शटर म्हणजे बोट दाखवेल तिथे फोकस करून लगेच फोटो. तुमचं दुसरं चालू आहे. स्क्रीनच्या कडेला बोट आणि चौकटीचं एखादं बारीक चिन्ह असेल, बहुधा हातातून कॅमेरा घेताना कुणाचं तरी बोट त्यावर पडलंय. त्यालाच टिचकी मारा, बंद होईल.

तिसऱ्या प्रश्नाचं उद्या. ऑफिस आहे.

वजाबाकी (११:१०)

नाक! घरात सगळे हसताहेत. चिन्ह सापडलं, खाली डाव्या कोपऱ्यात होतं. बंद केलं. बोट टेकवलं, चौकोन हिरवा झाला, आणि कॅमेरा गप्प बसला. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

रोल३६ (सोमवार, सकाळी ६:३०)

हे सगळं ऐकून मौज वाटते. आम्ही ३६ फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचो. फोकस हाताने, लेन्सची रिंग फिरवून. नंतर ऑटोफोकस आला तेव्हाही मधला एकच पॉइंट वापरला: मधे धरा, अर्धं बटण दाबा, तसंच दाबून ठेवून चौकट हवी तशी हलवा, पूर्ण दाबा. आजही डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) तेच करतो. स्क्रीनवर बोटं आपटायला तो काय मोबाइल आहे?

सर, अर्धं बटण शिका. एकदा बोटाला सवय लागली की जन्मभर पुरते.

लग्नसराई (सकाळी ११:०५)

रोल३६ दादा, मुजरा. पण मी कोल्हापुरात महिन्याला आठ-दहा लग्नं मारतो, तेव्हा थोडं माझंही ऐका.

अंतरपाट खाली येतो तो क्षण दोन सेकंदांचा. समोर मामा, मावश्या, अक्षता घेतलेले दोनशे हात, आणि त्यात निम्मे मोबाइल. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मला समोरच्या माणसाच्या टोपीशिवाय काही दिसत नाही. कॅमेरा डोक्यावर दोन्ही हातांनी उचलायचा, स्क्रीन खाली वळवायचा आणि डाव्या अंगठ्याने नवरीच्या चेहऱ्यावर टिचकी. अशा वेळी मधला पॉइंट घेऊन 'धरा, दाबा, हलवा' करत बसलो तर नवरा-नवरी गृहप्रवेशाला पोचतील.

पण टच शटर मी लग्नात कधीच चालू ठेवत नाही. एक तर अनेक कॅमेऱ्यांत टच शटरने एका टिचकीला एकच फोटो निघतो. ड्राइव्ह बर्स्टवर, म्हणजे सलग फोटोंवर, असला तरी एकच. अक्षता उडताना मला आठ-दहा फ्रेम सलग पाहिजेत. म्हणून बोटाने फक्त माणूस दाखवायचा आणि बटण दाबून ठेवायचं. ट्रॅकिंग असलेला कॅमेरा असेल तर नाद खुळा: एकदा चेहऱ्यावर टिचकी मारली की चौकोन त्या माणसामागे फिरत राहतो. सोनीचा ए६४०० २०१९ मध्ये आला तेव्हापासून मी तेच वापरतो. तुमच्या फुगडीला हेच औषध, सर. फक्त काम झाल्यावर ट्रॅकिंग सोडायला विसरू नका, नाहीतर चौकोन गेलेल्या पाहुण्याला शोधत बसतो.

आणि हळदीच्या दिवशी टच आपोआप बंद पडतं. बोटं पिवळी आणि ओली. स्क्रीन पुसायला खिशात जुना सुती रुमाल ठेवा, ओला टिशू नको.

ओहमचा_नियम (दुपारी १:२०)

लंच ब्रेक. तिसरा प्रश्न.

मोबाइलवर बोट लावलं की दोन कामं एकत्र होतात: फोकस आणि उजेड. कॅमेऱ्यात ही दोन कामं वेगळी ठेवलेली असतात. बोट फोकसची जागा सांगतं. उजेड किती घ्यायचा ते मीटरिंग ठरवतं, आणि ते नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळ्या चौकटीचा हिशोब करतं. फोकसच्या जागेला थोडं जास्त वजन देणारे कॅमेरे आहेत, पण मागे दोन समया जळत असल्या की त्या वजनाने भागत नाही. कॅमेरा म्हणतो, 'पुष्कळ उजेड आहे', आणि एकूण चित्र काळं करतो. पॅनासॉनिकमध्ये टच एएफ (फक्त फोकस) की टच एएफ-अधिक-एई (फोकस आणि उजेड दोन्ही) असा पर्याय मिळतो, दुसरा निवडला की मोबाइलसारखं वागतं. इतरत्र एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण वापरा, अधिक-उणे लिहिलेलं. समई मागे आहे? अधिक १ करा. प्रत्येक १ म्हणजे उजेड दुप्पट. नाव वजाबाकी असलं तरी इथे बेरीजच करायची.

रोल३६ काका, तुमच्या डीएसएलआरबद्दलही थोडं. त्यावर टचने फोकस मंद होतो म्हणून तुम्ही नावं ठेवत असाल तर तो राग एकेकाळी रास्त होता. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर आरशाच्या वाटेवर, तळाशी. स्क्रीनवर चित्र दाखवायचं तर आरसा वर उचलावा लागतो, आणि आरसा वर गेला की खालचा सेन्सर आंधळा. मग कॅमेरा फोटो टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवरच्या चित्राची धार बघत लेन्स पुढे-मागे चाचपडत न्यायचा. टचस्क्रीन असलेला पहिला डीएसएलआर कॅननचा ६५०डी, २०१२ चा. पण खरा फरक पडला २०१३ च्या ७०डीने: मुख्य सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग केले, दोन्हींतलं चित्र किती सरकलंय त्यावरून लेन्स कुठे आणि किती न्यायची ते लगेच कळतं. तेव्हापासून टिचकी मारून फोकस हे खेळणं राहिलं नाही. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरला नाही. त्या बाजूला टचची सुरुवातही लवकर झाली, पॅनासॉनिकचा जी२ २०१० चा.

रोल३६ (दुपारी ३:४५)

आंधळा सेन्सर वगैरे ठीक. पण मधला पॉइंट आणि चौकट हलवणं यात चूक काय ते कुणी सांगितलं नाही. माझे फोटो चाळीस वर्षं शार्प येताहेत.

वजाबाकी (रात्री ८:३०)

रोल३६ साहेब, हे गणित माझ्या हद्दीतलं आहे, सोडवल्याशिवाय झोप येणार नाही.

समजा, माणसाचा डोळा १ मीटरवर. मधल्या पॉइंटने तिथे फोकस घेतला. आता चौकट बदलायला कॅमेरा १० अंश फिरवला. फोकसचं प्रतल कॅमेऱ्यासोबत फिरतं, म्हणजे ते अजूनही कॅमेऱ्यापासून सरळ १०० सेंटिमीटरवर आहे. पण डोळ्याचं त्या सरळ दिशेतलं अंतर आता १०० गुणिले कोसाइन १०, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव. फोकस डोळ्याच्या दीड सेंटिमीटर मागे, कानाकडे सरकला.

हा दीड सेंटिमीटर चालतो का? लेकीकडून लेन्सचे आकडे घेतले. कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीहून लहान. ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर असेल (एफचा आकडा जितका लहान तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, मोठं) तर १ मीटरवर सगळी मिळून साधारण पावणेतीन सेंटिमीटर जाडी स्पष्ट येते, पुढे आणि मागे १.४ च्या आसपास. चूक दीडची. काठावर नापास! तेच किट लेन्सवर ५० मिमीला एफ ५.६ मिळतं, तिथे पुढे-मागे चार-चार सेंटिमीटर. आरामात पास.

म्हणजे आपण दोघेही बरोबर. तुमची पद्धत लांबच्या विषयाला आणि बारीक अॅपर्चरला पक्की. जवळून, मोठ्या अॅपर्चरने चेहरा घ्यायचा असेल तर चौकट आधी ठरवा आणि डोळ्यावर बोट ठेवा, म्हणजे कॅमेरा फिरवावाच लागणार नाही.

रोल३६ (रात्री ८:५५)

गुरुजी, मान्य. मी बहुतेक एफ ८ वर असतो. माझी चाळीस वर्षं एफ ८ ने तारली म्हणायची.

टिवल्याबावल्या (९:०२)

दहावीला कोसाइन शिकवताना सरांनी हे सांगितलं असतं तर माझे गुण वाढले असते.

पुरणाची_वाटी (९:३०)

माझा अनुभव वेगळा, म्हणून लिहिते. मी पदार्थांचे फोटो काढते, घरच्याच ओट्यावर. एका हातात मोदक, तुपाची धार सोडायची आहे, कॅमेरा ट्रायपॉडवर खाली बघतोय. तिसरा हात कुठून आणू? टच शटर! धार सुरू करायची, मोकळ्या हाताची करंगळी मोदकाच्या कळीवर टेकवायची. करंगळी अशासाठी, की बाकीची बोटं तुपाची असतात.

मात्र वाफेचा घोटाळा होतो. उकडीच्या मोदकाची वाफ समोर असली की चौकोन नारिंगी होतो आणि क्लिक होतच नाही. माझ्या कॅमेऱ्यात फोकस लागला तरच टच शटर फोटो घेतो. आधी मला वाटायचं टच बिघडलंय. आता मोदक ठेवायच्या आधीच त्या जागी चमचा ठेवून फोकस घेते, लेन्स मॅन्युअलवर टाकते, मग वाफ कितीही येऊ दे.

किट लेन्सवाल्यांनी लक्षात घ्या, लेन्स अमुक अंतराहून जवळ फोकस करतच नाही. माझ्या १८-५५ ला ते २५ सेंटिमीटर आहे, आणि ते सेन्सरपासून मोजायचं, लेन्सच्या टोकापासून नाही. त्याहून जवळ गेलात तर बोट झिजेपर्यंत टिचक्या मारा, हिरवा होणार नाही.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ७:१०)

पुरणाची_वाटी यांचा चमच्याचा उपाय कासवर मी काडीने करतो.

साताऱ्याजवळचं कासचं पठार, २०१२ पासून पश्चिम घाटासोबत जागतिक वारशात. सप्टेंबरात तिथे फुलं असतात ती घोट्याएवढी, काही त्याहूनही बुटकी. सीतेची आसवं तर ओल्या कातळावर नखाएवढी निळी टिंबं. व्ह्यूफाइंडरने घ्यायची तर चिखलात गाल टेकवावा लागतो, आणि झोपायला जागा शोधताना दहा फुलं चिरडतात ते वेगळंच. वाट सोडायची नाही, त्यामुळे मी वाटेवरच उकिडवा बसतो, कॅमेरा हात लांब करून जमिनीलगत धरतो, स्क्रीन वर वळवून फुलावर बोट टेकवतो.

इथे दोन-तीन गोष्टी ठेचा खाऊन शिकलो. फोकसचा चौकोन फुलापेक्षा मोठा असेल तर कॅमेरा मागचं गवत पकडतो, कारण त्याला धारदार रेघा आवडतात. चौकोन लहानात लहान करा. दुसरं, वारा. बोट टेकवणं, फोकस, क्लिक एवढ्या वेळात फूल डोलून परत जागेवरही आलेलं असतं. म्हणून वाऱ्यात टच शटर नाही. बोटाने फोकस एकदा घ्यायचा, तिथेच पक्का करायचा, आणि वारा थांबला की बटण. १/५०० सेकंदाच्या खाली शटर नेत नाही, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

तिसरं म्हणजे उघडलेला स्क्रीन. तो एका बिजागरीवर लटकलेला असतो. त्यावर बोट दाबलं की कॅमेरा त्या बाजूला डुलतो. टिचकी म्हणजे कॅरमची नव्हे. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत क्लिक बोट टेकवताना होत नाही, उचलताना होतं. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण त्यात चांगली सोय आहे: बोट ठेवून चौकट सांभाळायची आणि अलगद उचलायचं.

आणि पाऊस. मागच्या वर्षी सर आली तेव्हा कॅमेरा गळ्यात उघडाच होता. रेनकव्हर चढवेपर्यंत थेंबांनी मेनूत शिरून भाषा बदलून ठेवली. कुठली लिपी होती तीही ओळखू आली नाही. अर्धा तास वाटेवर बसून चित्रांवरून मेनू शोधत होतो. तेव्हापासून पाऊस दिसला की आधी टच पूर्ण बंद, मग कव्हर.

उणे_वीस (सकाळी ८:४०)

टोरांटोहून. तुमच्याकडे थेंब, आमच्याकडे हातमोजे. ओहमचा_नियम यांनी लिहिलंच आहे, लोकरीच्या हातमोज्याने स्क्रीनला काही कळत नाही. टोकाला वाहक धागा विणलेले हातमोजे मिळतात, त्याने मोबाइल ठीक चालतो, पण कॅमेऱ्याच्या बारीक चिन्हांवर नेम बसत नाही. शेवटी मी जानेवारीत टच बंद करून जॉयस्टिकच वापरते. थंडीत स्क्रीनही आळसावतो, चित्र मागे रेंगाळतं, आणि बॅटरी डोळ्यादेखत उतरते.

बाकी बॅटरीचं तुमच्याकडेही लागू आहे. डीएसएलआरवाल्यांनो, टच हवं तर स्क्रीन चालू, आणि स्क्रीन चालू म्हणजे खर्च. उदाहरण घ्या, कॅनन २००डी मार्क २: प्रमाणित चाचणीत व्ह्यूफाइंडरने सुमारे १०७० फोटो, लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे स्क्रीनवर बघून, सुमारे ३२०. आरती, जेवणावळ, विसर्जन एका बॅटरीत बसवायचं असेल तर हे आधी मोजा.

चिमणीचा_दिवा (दुपारी १२:२५)

इथे सगळे टच शटरला नावं ठेवताहेत म्हणून त्याच्या बाजूने एक.

माझ्या आईला संधिवात आहे. तिला बागेचे फोटो काढायची फार हौस, पण अर्धं बटण म्हणजे काय ते तिच्या बोटांना कळतच नाही. एकतर दाबलं जात नाही, नाहीतर धाडकन पूर्ण दाबलं जातं आणि फोटो हलतो. अर्धं दाबून धरून ठेवणं तर विसराच. मग कॅमेरा छोट्या ट्रायपॉडवर लावला आणि टच शटर चालू केलं. आता ती बोटाच्या मागच्या सांध्याने जास्वंदीवर टेकवते आणि फोटो निघतो. सांध्यानेही चालतं!

फक्त वयस्क माणसांची कातडी कोरडी असते, कधीकधी स्क्रीनला कळतच नाही. काही कॅमेऱ्यांत टचची संवेदनशीलता वाढवता येते, ती वाढवा. आणि स्क्रीनगार्ड बघा. आमच्या दुकानदाराने मोबाइलचीच जाड काच कापून चिकटवली होती. काढली तेव्हा निम्मा त्रास गेला.

वजाबाकी (दुपारी २:०५)

चिमणीचा_दिवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्या आईचं वय ८४. बोटं अशीच वाकलेली. आरतीच्या वेळी ती कोपऱ्यात खुर्चीवर बसते, आणि घरातल्या एकाही फोटोत मी नसतो कारण कॅमेरा माझ्याकडे. डोक्यात एक कल्पना आली आहे. चतुर्थीनंतर कळवतो.

लग्नसराई (दुपारी २:३०)

सर, आरतीला एक सूचना. मखराला एलईडीच्या माळा असतील तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आरतीत कोण ऐकतंय क्लिकचा आवाज? झांजा आहेत की.

आणि व्हिडिओ घेणार असाल तर टच फोकस फार सुंदर चालतो. आधी निरांजनावर टिचकी, मग हळूच मूर्तीच्या डोळ्यांवर. फोकस एकातून दुसऱ्यात सरकताना दिसतो. फक्त बोट आपटू नका, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये 'टक' येतं.

वजाबाकी (बारा दिवसांनी, रात्री ११:१५)

दीड दिवसाचा गणपती विसर्जित होऊन आठवडा झाला, आज वेळ मिळाला.

आधी हिशोब. तीन दिवसांत २३६ फोटो, पैकी जमिनीचे शून्य. नाक ताब्यात आहे. मोदकांना पुरणाची_वाटींचा चमचा वापरला. समईला अधिक १ पुरलं नाही, अधिक १.३ करावं लागलं. लग्नसराईंचं न ऐकता मी इलेक्ट्रॉनिक शटर तसंच ठेवलं होतं, कारण गुरुजींना आवाजाचा त्रास नको. पट्टे आले. मखराच्या माळा विझवून फक्त समई-निरांजनात फोटो घेतले, तेच सगळ्यात बरे आलेत.

आता आई. खुर्चीसमोर ट्रायपॉड, स्क्रीन तिच्याकडे वळवलेला, टच शटर चालू, संवेदनशीलता वाढवलेली. तिला सांगितलं, 'आरती सुरू झाली की माझ्या तोंडावर बोट ठेव.' ती म्हणाली, 'लहानपणी ठेवलं असतं तर बरं झालं असतं.' पहिल्या दोन वेळा काही झालं नाही, बोट कोरडं. तिने शांतपणे पदराने पुसलं, फुंकर मारली आणि पुन्हा ठेवलं. चौकोन हिरवा.

१४ फोटो काढले तिने. चारांत माझं डोकं अर्धं कापलंय, एकात फोकस थेट निरांजनावर आहे. पण ताम्हन माझ्या हातात, तोंड उघडं, बहुधा 'घालीन लोटांगण' चालू आहे, असा एक लख्ख आलाय. लेकीने तो मोठा छापून आणायला टाकलाय.

एकच तक्रार राहिली. प्रत्येक वेळी बोट उचलून आई विचारायची, 'वाजला का रे?' आवाजच नाही, तर तिला निघाला की नाही हे कळणार कसं? मग ती आणखी एकदा टेकवायची. तो क्लिकचा आवाज चालू कुठून करायचा?

ओहमचा_नियम (रात्री ११:२२)

मेनूत शटरचा प्रकार इलेक्ट्रॉनिकवरून मेकॅनिकलवर करा, खरा खटका ऐकू येईल. माळांचे पट्टेही बहुतेक जातील. सायलेंट मोड वेगळा असेल तर तोही बंद करा. आणि बीप चालू ठेवा, तो फोकस लागला की वाजतो. आजींना सांगा: आधी बीप, मग खटका.

टिवल्याबावल्या (११:२५)

आणि ताम्हनवाला फोटो इथे टाका आधी. कोपर दिसतंय का ते बघायचंय.